बाकूचा जॅझ पियानो: दोन पट्ट्यांच्या मधला सूर येतो कुठून?

पांढरी_पाच (धागाकर्ती)

अझरबैजानच्या राजधानीला, बाकूला जाणाऱ्यांची यादी आता पाठ झाल्यासारखी असते. इचेरीशेहेर (तटबंदीतलं जुनं शहर), गोबुस्तान, अतेशगाह, यानारदाग आणि रात्री फ्लेम टॉवर्सचे फोटो. त्याच इचेरीशेहेरात वागिफ मुस्तफाझादे या पियानोवाल्याचं घर आहे, १९८९पासून ते संग्रहालय आहे आणि त्याचा पियानोही तिथेच आहे. रशीद बेहबूदोव रस्त्यावर बाकू जॅझ सेंटर आहे. (हा बेहबूदोव म्हणजे १९४५च्या 'अर्शीन माल आलान' सिनेमातला गाणारा नायक.) हा धागा अशा एखाद्या क्लबातल्या संध्याकाळीसाठी आहे. तिकिटं, हॉटेलं, व्हिसा यांचे धागे वेगळे आहेत, ते इथे नकोत. तिथे बसल्यावर ऐकायचं काय, यावर बोलू.

मुद्दा असा. अझरबैजानी जॅझ पियानोचा कणा म्हणजे मुगाम. मुगाम ही नुसती सुरांची शिडी नाही आणि बंदिशही नाही. ठरलेल्या टप्प्यांनी चढत जाणारा, बराचसा तालाविना चालणारा तो विस्तार आहे. मुख्य मुगाम सात: रास्त, शूर, सेगाह, चाहारगाह, बायाती-शिराझ, हुमायून, शुश्तर. मूळ मांडणी तिघांची: तार (छेडून वाजवायचं तंतुवाद्य), कमांचा (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) आणि हातात गवाल (डफासारखं वाद्य) घेतलेला गायक. या गायकाला खानेंदे म्हणतात. सुरुवात बेरदाश्तने होते, मग माये म्हणजे मुगामचं घर, मग एकेक शोबे आधीच्यापेक्षा वरच्या सुरावर, असं करत झीलपर्यंत म्हणजे वरच्या टोकापर्यंत जायचं आणि पुन्हा मायेवर उतरायचं. अधूनमधून तेस्नीफ (तालातलं गाणं) आणि रेंग (तालातला वाद्यांचा तुकडा). आलापात मध्येच बंदिश आल्यासारखं वाटेल, वाटू द्या.

आता अडचण. तार या वाद्याच्या दांडीवर पडदे बांधलेले असतात, ते सरकवता येतात, आणि सप्तकात बारापेक्षा जास्त जागा मिळतात. कमांचाला तर पडदेच नाहीत. पियानोला मात्र बारा म्हणजे बारा. मींड नाही, आंदोलन नाही. तरी बाकूचा पियानोवाला दहा सेकंदांत ओळखू येतो. कसा? जाणकारांनी पट्टी, बोट आणि पायडल या पातळीवर लिहावं ही विनंती. 'आत्मा', 'पूर्वेचं गूढ' वगैरे शब्द कृपया टाळा.

---

भाता_हळू

घरात पेटी असेल तर पाच मिनिटांत चव घेता येईल. पांढरी १ (सी) सा धरा आणि असं वाजवा: पांढरी १, काळी १, पांढरी ३, पांढरी ४, पांढरी ५, काळी ४, पांढरी ७, वरची पांढरी १. ही चाहारगाहची शिडी. हो, भैरवच्याच पट्ट्या.

आता पट्ट्या त्याच ठेवून चाल बदला. भैरवातला कोमल रे झुलवत ठेवायचा असतो, तिथे थांबण्यातच मजा. चाहारगाहात तो ठासून येतो आणि लगेच सा वर आदळतो. दुसरं, मोठ्या उड्या टाळा. तीन-चार सुरांचा छोटा तुकडा घ्या आणि तोच एकेक पायरी खाली न्या: प-म-ग, म-ग-रे, ग-रे-सा, प्रत्येक तुकड्याचा शेवटचा सूर दोनदा ठोकून. इतकं केलं तरी भैरव बराच मागे पडतो. संगीतकार उझेयिर हाजीबेयोव यांनी १९४५च्या आपल्या ग्रंथात प्रत्येक मुगामचा भाव सांगितलाय. त्यात चाहारगाहला त्यांनी आवेग दिलाय, सेगाहला प्रेम आणि रास्तला धैर्य. पहाटेच्या भैरवाशी चाहारगाहचं नातं पट्ट्यांपुरतंच.

सेगाहसाठी पांढरी ३ पासून ३, ४, ५, ६ एवढ्याच चार पट्ट्या घोळवा. भैरवीचा खालचा अर्धा भाग ऐकू येईल.

---

माये_चौथी

भाताहळू, चाहारगाहपुरतं ठीक, पण शिडीचा पहिला सूर म्हणजे सा असं इथे धरून चालत नाही. रास्त बघा. शिडी पांढरी ५ पासून सगळ्या पांढऱ्या: ५, ६, ७, १, २, ३, ४. कागदावर खमाज. पण रास्तची माये चौथ्या पायरीवर, म्हणजे पांढरी १ वर. विसावा तिथे. त्यामुळे कानाला बिलावलच्या जवळचं काहीतरी लागतं आणि खमाज शोधणारा गोंधळतो. मुगाम ओळखताना आधी विसाव्याचा सूर पकडा, पट्ट्या नंतर मोजा.

---

पांढरी_पाच

हे फार उपयोगी. क्लबात बसल्यावर विसाव्याचा सूर पकडायचा सोपा मार्ग आहे का? पियानोवर तंबोरा तर नसतो.

---

माये_चौथी

डाव्या हाताची करंगळी बघा. मुगामचा भाग सुरू झाला की ती खालच्या सप्तकातल्या एकाच पट्टीवर परत परत येते. बालाबान (फुंकून वाजवायचं जिभळीचं वाद्य) वाजवणाऱ्यांत दोघं असतात, एक चाल वाजवतो, दुसरा नुसता एक सूर धरून बसतो. त्या धरलेल्या सुराला देम म्हणतात. पियानोवर डावा हात तो देम होतो. बास असेल तर तो धनुकलीने हाच सूर धरतो, मग डावा हात मोकळा.

---

डावा_हात

मोकळा डावा हातच मोठा घोळ करतो. जॅझचं रोजचं वाक्य म्हणजे दोन-पाच-एक: डी मायनर, जी सेव्हन, सी. पांढरी १च्या चाहारगाहात हे वाजवलं की मुगाम जागीच संपतो, कारण डी मायनर आणि जी सेव्हन या दोन्हींत शुद्ध रे आहे आणि चाहारगाहला कोमल हवा. उजवा हात काळी १ म्हणतोय, डावा पांढरी २. नवशिक्यांच्या 'मुगाम जॅझ'मध्ये हे सर्रास ऐकू येतं. उजव्या हातात पूर्वेकडची नक्षी आणि खाली हॉटेलच्या लॉबीतला स्वरमेळ.

मग काय करायचं? शिडीतूनच जे स्वरमेळ निघतात तेच घ्यायचे. काळी १ वर डी फ्लॅट मेजर सेव्हन बसतो (काळी १, पांढरी ४, काळी ४, पांढरी १). तो अर्धा सूर खाली घसरून सी मेजरवर आला की घरी पोचल्याची भावना पूर्ण मिळते, पाचव्याची गरजच उरत नाही. पांढरी ४ वर एफ मायनर मिळतो, पांढरी ३ वर ई मायनर. चढताना हे वापरायचे. आणि माये पहिल्यांदा मांडताना स्वरमेळच नको, सा आणि प एवढंच, मधला गाळून. हा गाळलेला तिसरा सूर लक्षात ठेवा, तार बरोबर असेल तेव्हा तो पुन्हा लागणार आहे.

दोन-पाच-एक पूर्ण वर्ज्य असं मात्र नाही. तेस्नीफचा भाग संपून त्रयी (पियानो, बास, ड्रम्स) सरळ स्विंगमध्ये म्हणजे जॅझच्या झुलत्या तालात शिरते तेव्हा खुशाल येतं. मुस्तफाझादेची खुबी अशी की या दोन खोल्यांमधलं दार त्याच्याकडे कधी वाजत नाही. एका वाक्यात मुगाम, पुढच्यात बीबॉप (वेगवान जॅझ), आणि सांधा सापडत नाही.

---

मिजराब

पट्टीवरचं बोट हा माझा प्रांत. तीन गोष्टी सांगते.

पहिली, एकाच सुराची थरथर. तारवाला मिझराब (आपल्या सतारीची मिजराब, तोच शब्द) भराभर खालीवर फिरवून एक सूर जिवंत ठेवतो. पियानोचा सूर ठोकल्या क्षणापासून विझायला लागतो, म्हणून तोच सूर पुन्हा पुन्हा ठोकावा लागतो. एका बोटाने केलं तर मनगट आखडतं आणि आवाज टायपरायटरसारखा होतो. म्हणून एकाच पट्टीवर चौथं, तिसरं, दुसरं बोट आणि अंगठा या क्रमाने, प्रत्येक बोट तळहाताकडे ओढून घेत. अंगठ्याचा ठोका जड पडतो, तो मुद्दाम हलका ठेवायचा.

इथे वाद्याचा प्रश्न येतो. ग्रँडमध्ये (आडव्या पियानोत) दुहेरी सुटकेची यंत्रणा असते, फ्रान्सच्या एरारने १८२१मध्ये आणलेली. तिच्यामुळे पट्टी पूर्ण वर न येताही हातोडी पुन्हा मारायला तयार होते. उभ्या पियानोत पट्टी जवळजवळ वरपर्यंत यावी लागते. ढोबळमानाने उभा पियानो सेकंदाला सातेक ठोके देतो, ग्रँड तेरा-चौदा. म्हणून मुगाम वाजवणारा आयोजकाला पहिलं विचारतो ते 'ग्रँड आहे ना?' लांबीबद्दल नंतर.

दुसरी, दोन पट्ट्यांच्या मधला सूर. तो नसतो, तो भासवायचा असतो. शेजारच्या दोन पट्ट्या जवळजवळ एकदम दाबायच्या आणि नको असलेली लगेच सोडायची. उदाहरणार्थ काळी २ आणि पांढरी ३ एकदम, मग काळी २ वरचं बोट उचला. कानाला सूर खालून सरकत आल्यासारखा वाटतो. ब्लूजवाले शंभर वर्षं हेच करतात. मुगाम आणि ब्लूज यांचं जमलं याला मला तरी हेच कारण पुरेसं वाटतं, दोघांनाही बारा पट्ट्या कमी पडत होत्या.

तिसरी, झेंगुले. खानेंदे गळ्याला झटके देत मुख्य सुरावरून वर उसळतो आणि परत येतो, ते. पियानोवर दुसऱ्या-तिसऱ्या बोटांत, पण युरोपी ट्रिलसारखं एकसारखं नाही. सावकाश सुरू, मध्ये घाई, शेवटी पुन्हा सैल, आणि वजन कायम खालच्या सुरावर. वजन वरच्या सुरावर गेलं की लगेच शोपाँ वाटायला लागतो.

---

आडवा_ढवळ्या

थोडं वाकडं विचारतो. पेटीवर आपल्याकडे इतकी भांडणं झाली, आकाशवाणीने १९४० ते १९७१ तिला बाहेर ठेवलं, कारण काय तर मींड नाही, श्रुती नाहीत. मग पियानोवर मुगाम हीही तडजोडच की. कमांचाच ऐकावा ना सरळ?

---

मिजराब

ऐकावाच. पण पेटीची आणि पियानोची खोड सारखी नाही. पेटीचा सूर भाता चालू असेतो तसाच राहतो, म्हणून बेसूर जागा उघडी पडते आणि तंबोऱ्याशी भांडते. पियानोचा सूर विझतो. विझता विझता कान त्याला हवं तिकडे थोडं ढकलतो. मुगाम पियानोवर चालतो तो याच सवलतीवर, आणि उत्तम वादक ती पुरेपूर वापरतो: नाजूक सूर मोठ्याने ठोकत नाही, आधीच्या सुराच्या शेपटीत ठेवून देतो.

---

डावा_हात

आणि पायडल. चाहारगाहात सा-कोमल रे आणि प-कोमल ध अशा अर्ध्या सुराच्या जोड्या आहेत. उजवं पायडल तळापर्यंत दाबून ठेवलं तर दोन ओळींत गढूळ पाणी होतं. अर्धं दाबायचं, दट्ट्या (तारांचा आवाज थांबवणाऱ्या गाद्या) तारांना जेमतेम टेकतील इतकं, आणि पाय सतत किंचित हलता. पियानोवाल्याचा बूट दिसेल अशी जागा मिळाली तर हे डोळ्यांनी बघता येतं.

---

शून्य_अठ्ठ्याहत्तर

इतिहासाचा तुकडा टाकतो, कारण सगळं वागिफपासून सुरू झालं असा समज इथेही दिसतोय.

१९०८मध्ये बाकूत हाजीबेयोवांचा 'लेली आणि मजनून' हा ऑपेरा झाला. त्यात काही जागा लिहिलेल्याच नव्हत्या. तिथे कोणता मुगाम गायचा एवढं ठरलेलं, बाकी गायकावर सोडलेलं. म्हणजे लिहिलेलं संगीत आणि उपज शेजारी शेजारी नांदवायची सवय जॅझ यायच्या आधीची आहे. मजनून गायला हुसेनगुलू साराबस्की. आज इस्फार साराबस्की नावाचा जो पियानोवाला गाजतोय (जन्म १९८९, २००९ला माँत्रोची एकल जॅझ पियानो स्पर्धा जिंकलेला) तो याच साराबस्कींचा पणतू.

१९३८मध्ये तोफिग गुलियेव आणि नियाझी यांनी सरकारी जॅझ वाद्यवृंद उभा केला. चाळिशीच्या दशकाअखेर सोव्हिएत संघात जॅझवर गदा आली, सॅक्सोफोन संशयित ठरला. पुढे पन्नाशीनंतर वातावरण सैलावलं आणि रेडिओवरून अमेरिकन जॅझ ऐकू यायला लागलं, तेव्हा रफिग बाबायेव आणि वागिफ मुस्तफाझादे ही पिढी तयार झाली. बाबायेवही पियानोवालाच. १९ मार्च १९९४च्या बाकू मेट्रोतल्या स्फोटात तो गेला. त्याचं नाव वागिफच्या सावलीत राहतं, हे मला खटकतं.

वागिफ: जन्म १६ मार्च १९४०, मृत्यू १६ डिसेंबर १९७९, ताश्कंदच्या दौऱ्यात, वय ३९. 'आझीझाची वाट पाहताना' या रचनेला १९७८मध्ये मोनॅकोच्या जॅझ रचनाकारांच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस. ही आझीझा त्याची मुलगी, जन्म १९६९, पुढे स्वतः पियानोवाली आणि गायिका. तिच्या पद्धतीत गळा आणि पियानो एकाच ओळीत धावतात, म्हणजे वर मिजराबताईंनी सांगितलेली झेंगुले गळ्याने घ्यायची आणि पट्टीवर फक्त खुंटी ठोकायची. ही वडिलांकडे नसलेली सोय.

---

पांढरी_पाच

शून्यअठ्ठ्याहत्तर, धन्यवाद. आयडीचा उलगडा झाला :) आता क्लबाच्या बाजूचं कोणी लिहील का? वाद्य, ध्वनी, सुरावट लावणं.

---

लोलक_नाही_लोड

लिहितो, लांब होईल.

क्लब छोटे असतात, त्यामुळे पियानो साधारण १८० ते २१० सेंटिमीटर लांबीचा. तारा दोनशे तीसच्या आसपास, सगळ्यांचा मिळून ताण अठरा-वीस टन. ताण लोखंडी चौकट पेलते, पण तारांखालची ध्वनिपट्टी लाकडाची, त्यामुळे हवा बदलली की सूर हलणारच. बाकू कॅस्पियनच्या काठावर, समुद्रसपाटीच्या २८ मीटर खाली. उत्तरेचा खझरी सुटला की गार सोसाटा, दक्षिणेचा गिलावार उबदार. आत हीटर किंवा एसी, आणि माणसं येजा करतायत. त्यामुळे पहिला नियम: पियानो दाराच्या रेषेत नको आणि हीटरच्या झोतात नको. खोलीतली आर्द्रता ४५ ते ५० टक्के स्थिर हवी. आकडा थोडा पुढेमागे चालेल, पण दुपारी एक आणि रात्री दुसरा हे नको.

सूर लावायचा क्रम. पियानो जागेवर आणून ठेवा, मंचावरचे दिवे कार्यक्रमात असतील तितकेच लावा, तासभर जाऊ द्या, मग ट्यूनर बसेल. दिवे न लावता सूर लावला आणि रात्री ऐन वेळी दिवे लागले तर तारा तापून किंचित उतरतात, आणि सगळ्या सारख्या उतरत नाहीत, तीच खरी पंचाईत. दीड-दोन तास पूर्ण लावणीला. मग ध्वनिचाचणी, आणि प्रेक्षक आत घ्यायच्या आधी अर्धा तास फक्त एकेका सुराच्या तीन तारा आपापसांत जुळतात का ते बघायला. मुगामसाठी हा शेवटचा अर्धा तास कापू नका. जॅझचा भरगच्च स्वरमेळ थोडी बेसूर तार लपवतो. एकाच पट्टीवर बारा ठोके मारले की ती तार नागडी होते.

मिजराबताईंच्या थरथरीसाठी ट्यूनरला वेगळं सांगावं लागतं: मधल्या दोन सप्तकांच्या रिपिटिशन स्प्रिंगा बघ. तपासणी अशी. पट्टी जोरात दाबून धरा, हातोडी परतीच्या वाटेवर अडकते. मग पट्टी हळूच किंचित सोडा. हातोडी सावकाश पण ठामपणे वर आली पाहिजे. जागची हललीच नाही तर स्प्रिंग सैल आहे, वेगात ठोके गिळले जाणार. टुणकन उडाली तर जास्त ताणलेली आहे, हलक्या हाताला एकाऐवजी दोन ठोके वाजणार.

माईक. ड्रम्स दोन मीटरवर असतात, म्हणून झाकण पूर्ण उघडं ठेवता येत नाही, छोट्या काठीवर ठेवायचं. दोन कंडेन्सर, हातोड्यांच्या रेषेपासून थोडे आत, तारांपासून २० ते ३० सेंटिमीटरवर, एक खर्जाकडे आणि एक वरच्या सुरांकडे. झाकण अर्धं असल्याने ३०० हर्ट्झच्या आसपास खोकं वाजल्यासारखा आवाज येतो, तिथे थोडं कापायचं. कंप्रेसर फार लावू नका. मुगामचा अर्धा जीव विझत्या शेपटीत आहे, कंप्रेसर तीच शेपटी उचलून ठोक्याइतकी मोठी करतो.

आणि एक. काही वादक उठून डाव्या हाताने तारा दाबतात आणि उजव्याने पट्टी वाजवतात, बोदा, छेडल्यासारखा तारचा आवाज येतो. सुंदर लागतं. पण हाताचा घाम तांब्याच्या वेटोळ्याच्या खर्ज तारांना खातो. आधी मालकाला विचारायचं, हात कोरडे करून दाबायचं, नंतर कोरड्या फडक्याने पुसायचं. कुठली तार ते शोधायला दट्ट्यांवर खडूच्या खुणा करतात, त्या ट्यूनरला अजिबात आवडत नाहीत. कागदाची चिठ्ठी लावा.

---

भाता_हळू

माहितीपूर्ण. वाचनखूण साठवली. तार आणि पियानो एकत्र असतील तेव्हा काय होतं? तारचा पडदा आणि पियानोची पट्टी जुळायचीच नाही.

---

डावा_हात

सगळीकडे नाही अडत. सा, म, प यांना त्रास नाही. अडतं तिसऱ्या आणि सातव्या सुराशी, कुठे दुसऱ्याशी. तार ११ तारांचं वाद्य, त्याच्या मुख्य तारा पियानोवरूनच लावायच्या, उलट शक्यच नाही. मग तारवाला ज्या पडद्यावर पट्ट्यांच्या मधला सूर घेणार आहे तो सूर पियानोने वाजवायचाच नाही. स्वरमेळातला तिसरा गाळायचा, सा-प ठेवायचं. वर म्हटलं होतं ते हेच. न गाळल्यास दोन सूर घासतात आणि ऐकणारा तारवाल्याला बेसूर ठरवतो. चूक पियानोची, बोल तारेला.

तालमीत हे सोपं ठरतं: तारवाल्याने माये, मग प्रत्येक शोबेचा टेकायचा सूर लांब धरायचा, पियानोवाल्याने तो कागदावर फुली किंवा बरोबर करत जायचं. फुलीच्या पट्ट्या त्या भागापुरत्या बंद. इस्फारच्या २०२१च्या 'प्लॅनेट'मध्ये तार आहे. तिथे पियानो किती जागा सोडतो ते ऐका.

बालाबान असेल तर त्याला आधी दहा मिनिटं वाजवून गरम होऊ द्या. जाड जिभळीचं वाद्य, गार असताना उतरलेलं असतं.

---

सहा_आठ

तालाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. तिथल्या नाचाच्या गाण्यांत सहा मात्रांचा झोका फार, आणि त्याच सहांचे कधी तीन-तीन, कधी दोन-दोन-दोन असे तुकडे करत राहतात. आपला दादरा डोक्यात ठेवून बसलात तर पहिल्या आवर्तनात जमेल, तिसऱ्यात सम निसटेल. उपाय: पियानो सोडून बासकडे बघा. तो शक्यतो मोठं आवर्तन धरून असतो.

ड्रम्सवाल्याची ठरलेली चूक म्हणजे मुगामच्या मोकळ्या भागात लवकर शिरणं. पियानो झीलला पोचतो, क्षणभर थांबतो, आणि ही शांतता ड्रम्सवाल्याला आमंत्रण वाटते. तो थांबा खाली उतरण्यासाठीचा श्वास असतो. मायेवर परत पाय टेकल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही. ताल आणि मोकळा सूर एकत्र हवेच असतील तर त्यासाठी वेगळा प्रकार आहे, झर्बी मुगाम: खाली ठाम ताल, वर तालाला न जुमानणारी उपज. तो ठरवून करायचा असतो.

मंचावर 'नगारा' दिसेल असं ऐकून देवळातला नगारा डोळ्यांपुढे आणू नका. तिथला नगारा दोन्हीकडून कातडं मढवलेला लांबट ढोल आहे, हातांनी वाजतो. आपल्या नगाऱ्याच्या जवळचा तो गोशा-नगारा, छोट्या वाट्यांची जोडी.

---

आडवा_ढवळ्या

बरं, पटतंय हळूहळू. श्रोत्याने टाळ्या कधी वाजवायच्या? जॅझमध्ये प्रत्येक सोलोनंतर, मैफलीत समेला दाद, इथे?

---

सहा_आठ

स्विंगच्या भागात सोलोनंतर खुशाल. मुगामच्या भागात वरच्या थांब्यावर नको, वर सांगितलं ते कारण. उतरून मायेवर आल्यावर. दाद आवरत नसेल तर तोंडाने हलकी चालते.

बसायचं कुठे, तेही सांगून टाकतो. पियानोचं झाकण श्रोत्यांकडे उघडतं, म्हणजे वादकाचा उजवा हात तुमच्या बाजूला. बोटं बघायची असतील तर वादकाच्या पाठीमागे डावीकडे, आवाज हवा असेल तर झाकणासमोर तीन-चार मीटरवर. बारजवळची टेबलं टाळा. एकल मुगामच्या वेळी बर्फाच्या यंत्राचा खडखडाट सगळं खातो. साधारण दोन सत्रं असतात, प्रत्येकी पाऊण तासाची. सत्राचा पहिला नंबर बहुधा जोरकस असतो, लोक स्थिरावेपर्यंत नाजूक काम कोणी काढत नाही, तेव्हा चहा आधीच मागवा. चहा पेराच्या आकाराच्या आर्मुदू पेल्यात येतो, सोबत मुरंबा असेल तर शब्दही तिथे जवळपास तोच, मुरब्बे.

---

पांढरी_पाच

जायच्या आधी घरी काय ऐकावं? मोजकंच सांगा, वीस नावं नकोत.

---

शून्य_अठ्ठ्याहत्तर

चार. वागिफचं त्रयीतलं कुठलंही आणि एकट्याने वाजवलेला मुगाम, दोन्ही लागोपाठ. आझीझाचा १९९१चा पहिला अल्बम. तिचा १९९५चा 'डान्स ऑफ फायर' प्रसिद्ध आहे, अल डी मेओला, स्टॅन्ली क्लार्क अशी मंडळी आहेत, पण पियानो ऐकायला पहिलाच बरा, मोठ्या नावांच्या गर्दीत मुगाम जरा दबतो. शाहीन नोवरस्लीचा 'एमॅनेशन' (२०१७), जागा सोडून वाजवणं शिकायला. आणि 'प्लॅनेट'. त्याआधी एक पूर्ण पारंपरिक चाहारगाह, खानेंदे, तार आणि कमांचासह. तो न ऐकता पियानो ऐकला तर बोटं काय भासवतायत तेच कळणार नाही.

---

भाता_हळू

शेवटचा प्रश्न. घरी डिजिटल पियानो आहे, त्यावर हे सगळं करून बघता येईल?

---

मिजराब

बरंचसं. पट्ट्यांना तीन सेन्सर असलेलं मॉडेल असेल तर थरथर जमते, दोनच सेन्सर असतील तर पट्टी पूर्ण वर आल्याशिवाय पुढचा ठोका लागत नाही. सोबत येणारं साधं चौकोनी पायडल फक्त चालू किंवा बंद असतं, अर्धं दाबणं त्यावर होत नाही, अर्धं ओळखणारं वेगळं घ्यावं लागेल. दोन पट्ट्यांचा चेचलेला सूर मात्र कुठल्याही यंत्रावर उत्तम निघतो. काळी २, पांढरी ३, आणि काळी लगेच सोडा. रिव्हर्ब बंद करून.